महासाथीतून सावरताना बायकांचे देणे राहून गेले

प्रति,
विकसनशील देशांचे अर्थमंत्री आणि या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

कोविडच्या महासाथीनंतर तुमच्यापैकी अनेकांनी आपापल्या संसदेत अर्थव्यवस्था पूर्वपदावर आल्याचे जाहीर केले. विकासदर, निर्यात, करवसुली, परकीय चलनाचा साठा अशा सगळ्याचे आकडे मांडले गेले. ते खोटे होते असे मी म्हणत नाही. पण त्या आकड्यांमागे झालेल्या कामाचा फार मोठा भाग कुठेच नोंदला गेला नाही, आणि ज्यांनी तो केला त्यांच्या वाट्याला या सावरण्यातले सर्वांत कमी आले, ही माझी तक्रार आहे. शाळा बंद झाल्या तेव्हा मुले घरात सांभाळली गेली. दवाखान्यांत खाटा उरल्या नाहीत तेव्हा आजाऱ्यांची शुश्रूषा घरात झाली. शहरातून परतलेल्या माणसांना घरानेच पोसले. सरकारला ज्या सेवा चालवता आल्या नाहीत, त्या बायकांनी आपला वेळ आणि बऱ्याचदा आपला रोजगार घालून चालवल्या. ही सरकारने केलेली उसनवारी होती. बाजारातून उचललेल्या प्रत्येक कर्जाची नोंद तुमच्या खात्याकडे आहे. या उसनवारीची नाही, म्हणून ती फेडण्याचा विषयही निघत नाही.

आकार समजावा म्हणून महासाथीच्या आधीचा एक हिशेब सांगते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ साली ६४ देशांतल्या वेळ-वापर पाहण्या, म्हणजे माणसांचा दिवस कोणत्या कामात किती जातो हे मोजणाऱ्या पाहण्या, एकत्र केल्या. त्यांत दिसले, की माणसे रोज १,६४० कोटी तास बिनपगारी सांभाळ-शुश्रूषेच्या आणि घरकामात घालवतात. म्हणजे २०० कोटी माणसांनी रोज आठ तास एक पैसाही न घेता काम करावे, तेवढे. त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक काम बायका करत होत्या. घरच्या या जबाबदारीमुळे रोजगाराच्या बाजारात येऊच शकत नाहीत अशा बायका ६०.६ कोटी होत्या आणि असे पुरुष ४.१ कोटी. महासाथ येण्यापूर्वीची ही स्थिती होती. त्यावर शाळा, पाळणाघरे, अंगणवाड्यांसारखी केंद्रे आणि नेहमीचे दवाखाने एकाच वेळी बंद पडले.

आता रोजगाराच्या आकड्याकडे नीट पाहा, कारण तिथेच धोरणकर्त्यांची पहिली फसगत झाली. २०१९ ते २०२० या काळात जगात पुरुषांच्या ६ कोटी नोकऱ्या गेल्या आणि बायकांच्या ५.४ कोटी. वरवर पाहता पुरुषांचे नुकसान जास्त. पण मुळात कामावर असलेल्या बायकाच कमी असल्याने त्यांचा रोजगार ४.२ टक्क्यांनी घटला आणि पुरुषांचा ३ टक्क्यांनी. २०२१ साठी याच कामगार संघटनेचा अंदाज होता, की पुरुषांचा रोजगार २०१९ च्या पातळीवर परत येईल, मात्र कामावर असलेल्या बायका २०१९ पेक्षा १.३ कोटींनी कमीच राहतील.

याहून खोल अडचण मोजणीच्या पद्धतीत आहे. नोकरी गेली आणि माणूस दुसरी शोधतो आहे, तर तो बेरोजगार. नोकरी गेली आणि घरी लहान मुले व अंथरुणाला खिळलेली सासू आहे म्हणून बाई काही शोधतच नाही, तर ती बेरोजगार ठरत नाही. ती श्रमशक्तीच्या बाहेर जाते आणि बेरोजगारीच्या दराला तिचा पत्ताही लागत नाही. उलट अशा बायका जितक्या जास्त, तितका तो दर सुधारल्यासारखा दिसतो. तुमच्या टेबलावर येणारी टिपणे याच दरावर उभी असतात. म्हणून माझी पहिली विनंती साधी आहे. सावरण्याचा कोणताही दावा करताना बेरोजगारीच्या दराशेजारी स्त्री-पुरुषांचे श्रमसहभागाचे दर आणि कामाचे तास वेगवेगळे छापा.

आता मदतीच्या पैशाकडे येते. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण एकाच संकटात काही सरकारांनी हे नीट केले आणि काहींनी नाही, हे डोळ्यांसमोर घडले.

टोगो हा पश्चिम आफ्रिकेतला लहान, गरीब देश. एप्रिल २०२० मध्ये त्याने ‘नोविसी’ नावाची योजना सुरू केली. असंघटित क्षेत्रातल्या माणसाने साध्या मोबाइलवरून मतदार ओळखपत्राचा क्रमांक कळवायचा आणि पात्र ठरल्यास पैसे थेट मोबाइल खात्यात. राजधानीच्या परिसरात पुरुषांना महिन्याला १०,५०० सीएफए फ्रँक (तिथले चलन) मिळत आणि बायकांना १२,२५०. घरखर्चाचा आणि मुलांचा भार बायकांवर अधिक असतो, एवढे एक साधे सत्य त्या फरकात मान्य केलेले होते. हे जमले, कारण फेब्रुवारी २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी मतदार यादी नुकतीच ताजी केलेली होती. ब्राझीलने त्याच महिन्यात आणीबाणीची मदत सुरू केली: प्रौढ व्यक्तीला महिन्याला ६०० रिआल, आणि एकटीने कुटुंब चालवणाऱ्या आईला दुप्पट, १,२०० रिआल. यांतल्या कुठल्याही देशाने यासाठी नवे शास्त्र शोधले नाही. अर्ज लिहितानाच त्यांनी विचारले, की हा पैसा नेमका कुणाच्या हातात पडणार आहे आणि त्या हातांवर किती माणसे अवलंबून आहेत.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण उलट्या बाजूचे आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते, कारण तिथे हेतू चांगला होता. राष्ट्रव्यापी पाहणीनुसार फेब्रुवारी ते एप्रिल २०२० मध्ये तिथे सुमारे ३० लाख नोकऱ्या गेल्या आणि त्यांतल्या सुमारे २० लाख बायकांच्या होत्या. सरकारने मे महिन्यात बेरोजगारांसाठी दरमहा ३५० रँडचे साहाय्य सुरू केले. अट अशी, की अर्जदाराला दुसरे कोणतेही सरकारी अनुदान मिळत नसावे. ऐकायला न्याय्य. पण तिथे लाखो आया मुलांच्या पोषणासाठीचे बाल-अनुदान स्वतःच्या नावावर उचलत होत्या. ते अनुदान मुलाचे होते, आईचे नव्हते. तरी अटीने तिला ‘अनुदान मिळते’ अशा रकान्यात टाकले आणि नोकरी जाऊनही ती बाद झाली. सांभाळणाऱ्यांसाठी दिलेली ५०० रँडची वाढीव रक्कम ऑक्टोबर २०२० मध्ये थांबली. ३५० रँडचे दार मात्र त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये उघडले. मधले सगळे महिने ज्या बायकांनी सर्वाधिक नोकऱ्या गमावल्या त्याच बाहेर राहिल्या आणि मदत घेणाऱ्यांत पुरुष बहुसंख्य झाले. कुणी मुद्दाम भेदभाव केला नाही. अर्जावरची एक ओळ लिहिताना मूल कोण सांभाळते याचा विचार झाला नाही, एवढेच. तुमच्या खात्यांत अशा ओळी रोज लिहिल्या जातात.

भारताने एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत बायकांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये टाकले. सुमारे २० कोटी खाती होती. खाते बाईच्या नावावर असणे आधीपासून जमवून ठेवले होते, म्हणून काही दिवसांत पैसे पाठवता आले. याचे श्रेय द्यायलाच हवे. पण रक्कम फार तुटपुंजी होती, आणि गरीब असूनही असे खाते नसलेली बाई त्या वाटेने मदतीपर्यंत पोहोचू शकत नव्हती. विकसनशील देशांत २०२१ सालीही बँक किंवा मोबाइल खाते असण्यात बायका पुरुषांपेक्षा सहा टक्क्यांच्या अंतराने मागे होत्या. संकट आल्यावर यादी करायला बसले तर यादीत तेच येतात जे आधीपासून कुठल्या तरी यादीत आहेत. त्यामुळे यादीचे काम आज, शांततेच्या काळात करायचे आहे.

उद्योगांना दिलेल्या मदतीबद्दल थोडक्यात. कर्जहमी, व्याजसवलत, करमाफी ही सगळी औषधे नोंदणीकृत, हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्या, तारण देऊ शकणाऱ्या उद्योगांसाठी होती. घरात बसून नगावर काम करणारी, रस्त्यावर विकणारी, चार घरची कामे करणारी बाई यांतल्या कशालाच पात्र नव्हती. बांगलादेशात परदेशी खरेदीदारांनी ३०० कोटी डॉलरांहून अधिक किमतीच्या कपड्यांच्या मागण्या रद्द केल्या किंवा रोखल्या. सरकारने निर्यातप्रधान कारखान्यांना केवळ मजुरीसाठी ५,००० कोटी टाकांचे कर्ज दिले. मजुरी मालकाच्या हातात न देता कामगारांच्या खात्यात जावी, ही त्यातली चांगली गोष्ट. त्या कारखान्यांतले बहुसंख्य कामगार बायका आहेत, त्यामुळे ती मदत थेट त्यांच्यापर्यंत गेली. पण ज्यांचे नाव कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नाही त्यांना मजुरी-कर्जाचा उपयोग काय? जगात साडेसात कोटींहून अधिक घरकामगार आहेत, त्यांत चारांतल्या तीन बायका, आणि पाचांतल्या चार जणांचे काम असंघटित. त्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला. तुमच्यातल्या बऱ्याच देशांनी त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही. ते करायला तिजोरीतून काही काढावे लागत नाही.

सांभाळ-शुश्रूषेच्या सेवांवरचा खर्च ही गुंतवणूक आहे, असे म्हटले की अर्थखात्यात हलके हसू येते हे मला माहीत आहे. रस्ता बांधला की माल बाजारात पोहोचतो, म्हणून रस्ता ही पायाभूत सुविधा. मग पाळणाघर उघडले की आई कामावर पोहोचते, तर ती सुविधा का नाही? कोलंबियाची राजधानी असलेल्या बोगोता शहराने हे ऐन महासाथीत, ऑक्टोबर २०२० मध्ये करून दाखवले. महापौर क्लॉडिया लोपेझ यांच्या काळात तिथे सांभाळ-सेवांचे विभाग सुरू झाले. एखाद्या वस्तीत, चालत जाता येईल अशा अंतरावर बाईसाठी शिक्षण पूर्ण करण्याचे वर्ग, कौशल्य प्रशिक्षण, कायदेशीर आणि मानसिक मदत, व्यायाम आणि कपडे धुण्याची सोय; आणि त्याच वेळी, त्याच ठिकाणी तिच्या मुलांना किंवा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी माणसे. मर्म शेवटच्या भागात आहे. प्रशिक्षणाच्या योजना आपल्याकडे ढीगभर आहेत, आणि वर्ग चालू असताना मुलाला कुठे ठेवायचे याचे उत्तर नसल्याने त्या रिकाम्या राहतात. बोगोताने ती गाठ सोडवली. शिवाय पुरुषांना घरकाम आणि सांभाळ शिकवणारे वर्गही काढले.

त्याआधी उरुग्वेने २०१५ मध्ये कायदा करून राष्ट्रीय सांभाळ-व्यवस्था उभी केली होती. अर्जेंटिनाने जुलै २०२१ मध्ये मुले वाढवण्यात गेलेली वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरायला सुरुवात केली, प्रत्येक मुलामागे किमान एक वर्ष. हे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी नव्हेत. अर्जेंटिना तर त्या वेळी कर्जाच्या ओझ्याखाली होता. ऐपत नाही हे कारण म्हणूनच मला पटत नाही.

भारताच्या दोन पाहण्या शेजारी ठेवून पाहा. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. मधल्या काळात महासाथ आली आणि गेली, पुरुष महिनोन्‌महिने घरात होते, आणि तरीही विभागणी जिथल्या तिथे आहे. घरातले आपोआप बदलेल, सरकारने त्यात पडू नये, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे पुन्हा वाचावेत.

महासाथीत गावागावांत फिरलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांचा विषय वेगळा काढावा लागतो. आरोग्य क्षेत्रातल्या मनुष्यबळात जगभर सुमारे ७० टक्के बायका आहेत. भारतातल्या सुमारे दहा लाख आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन रुग्ण शोधले, विलगीकरणातल्या माणसांवर लक्ष ठेवले, पुढे लसीकरणाचे काम केले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सन्मान केला. त्या मात्र आजही ‘स्वयंसेविका’ आहेत आणि त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. शेजारच्या पाकिस्तानात लेडी हेल्थ वर्कर म्हणून काम करणाऱ्या बायकांनी रस्त्यावर आणि न्यायालयात लढून सरकारी सेवेत नियमित होण्याचा हक्क मिळवला होता. तेव्हा हे अशक्य नाही. पुढची साथ येईल तेव्हा पहिली खबर याच बायका देणार आहेत. त्यांच्या नोकऱ्या पक्क्या करणे हा साथीच्या पूर्वतयारीवरचा खर्च आहे आणि अर्थसंकल्पात तो त्याच शीर्षाखाली दिसायला हवा.

मुलींच्या शाळेचा मुद्दाही शिक्षणखात्यावर ढकलून देऊ नका. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ मध्ये इबोला आला तेव्हा काय झाले हे आपल्यासमोर होते. सिएरा लिओनमध्ये शाळा महिनोन्‌महिने बंद होत्या, त्या काळात किशोरवयीन मुलींमधली गर्भारपणे वाढली, आणि २०१५ मध्ये शाळा उघडताना सरकारने गर्भार मुलींना वर्गात यायलाच बंदी केली. डिसेंबर २०१९ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या समूहाच्या न्यायालयाने ती बंदी भेदभाव ठरवली. सरकारने ती मार्च २०२० मध्ये उठवली, आणि त्याच महिन्यात कोविडमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या. युगांडात तर मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडल्या त्या जानेवारी २०२२ मध्ये. तोवर लग्न झालेल्या, आई झालेल्या, मजुरीला लागलेल्या मुली आपणहून परत येत नाहीत. त्यांना आणण्यासाठी थेट रक्कम लागते, बाळाला ठेवायची सोय लागते आणि वर्गात परत घेण्याची स्पष्ट हमी लागते. सावरण्याच्या पॅकेजमध्ये रस्ते आणि विमान कंपन्या असतील तर हेही असले पाहिजे.

आता कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी. ऑगस्ट २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ६५,००० कोटी डॉलरांइतके विशेष आहरण अधिकार, म्हणजे सदस्य देशांना गरजेला परकीय चलनात बदलून घेता येणारा राखीव साठा, वाटले. वाटप कोट्याप्रमाणे, म्हणजे निधीतल्या प्रत्येक देशाच्या वाट्याप्रमाणे, झाले, त्यामुळे कमी उत्पन्नाच्या देशांना मिळून सुमारे २,१०० कोटी डॉलर आले. जी-२० ने कर्जफेड स्थगित केली, मे २०२० ते डिसेंबर २०२१, त्याचा ४८ देशांनी लाभ घेतला आणि सुमारे १,२९० कोटी डॉलरांचे हप्ते पुढे ढकलले गेले. ढकलले गेले, माफ झाले नाहीत. ते फेडायची वेळ आली तेव्हा काटकसर सुरू झाली, आणि ती कुठून सुरू होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. सरकारी वेतनखर्चावर मर्यादा घातली की शिक्षिका आणि परिचारिकांची भरती थांबते. आरोग्यखर्च कापला की रुग्ण लवकर घरी पाठवला जातो. दोन्ही वेळा कागदावर बचत दिसते, आणि दोन्ही वेळा काम संपत नाही, ते पगारी बाईकडून बिनपगारी बाईकडे जाते. सरकारने बाईकडून पहिली उसनवारी केली ती महासाथीत. दुसरी तिच्याकडून कर्जवसुलीच्या नावाखाली केली जाते.

नाणेनिधीने जुलै २०२२ मध्ये लिंगभावाचा विचार आपल्या कामात आणण्याचे धोरण जाहीर केले, त्याचे मी स्वागत करते. ते खरे आहे हे दाखवायचे असेल तर कर्जकार्यक्रमाच्या प्रत्येक कागदपत्रात एक गोष्ट लिहा: या कपातीमुळे कोणती सेवा कमी होईल आणि ते काम कुणावर जाईल. नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळासमोर मंजुरीला येणाऱ्या कागदातच ते असावे, मागे जोडलेल्या परिशिष्टात नको.

लिंगभाव अर्थसंकल्प, म्हणजे कोणता खर्च बायकांसाठी किती हे दाखवणारे विवरण, आमच्याकडे आहे, असे उत्तर काही मंत्रालयांकडून येईल. आहे, खरे आहे. भारतात ते विवरण २००५-०६ पासून निघते. युगांडात २०१५ च्या कायद्याने अर्थसंकल्पाला लिंगभाव आणि समतेचे प्रमाणपत्र लागते, आणि मला हा कायदा फार मोलाचा वाटतो, कारण त्यात अडवण्याची ताकद आहे. पण बहुतेक ठिकाणी हे विवरण म्हणजे आधीच ठरलेल्या योजना एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात लिहिणे झाले आहे. संकटाच्या काळात निघालेली पॅकेजे तर घाईत, पुरवणी मागण्यांतून आणि अध्यादेशांतून गेली. ती ठरवणाऱ्या कृतिदलांत बायका किती होत्या? संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या कोविड कृतिदलांची नोंद ठेवली, त्यांतल्या सदस्यांत बायका सुमारे एक चतुर्थांश निघाल्या. दक्षिण आफ्रिकेत मूल सांभाळणारीला बाद करणारी ती एक ओळ लिहिली गेली, तेव्हा कदाचित हरकत घेणारे कुणी समोर बसलेले नसेल.

संकटात आधी आग विझवायची, मग कुणाचे घर किती जळले ते पाहायचे, असे तुम्ही म्हणाल. मदतीच्या पहिल्या आठवड्यात हे मी मान्यही करते. पण महासाथीतून सावरणे वर्षानुवर्षे चालते, आणि त्या वर्षांत निवड करायला वेळ असतो. म्हणून पुढच्या अर्थसंकल्पापुरते एवढे मागते. घरकामगार, घरी बसून काम करणाऱ्या आणि फिरत्या विक्रेत्या बायकांची नोंदणी सुरू करा आणि त्या नोंदणीला प्रत्येकीच्या स्वतःच्या बँक किंवा मोबाइल खात्याची जोड द्या. प्रत्येक रोजगार आणि प्रशिक्षण योजनेच्या खर्चातच मुले सांभाळण्याचा खर्च धरा, तो महिला-बालविकास खात्याकडे पाठवू नका. दर पाच वर्षांनी वेळ-वापर पाहणी करा आणि संकटाच्या काळात तिची छोटी आवृत्ती दूरध्वनीवरून करा. आपत्ती काळात आपोआप लागू होणारी मदतीची नियमावली आत्ताच लिहून ठेवा, तिच्या मसुद्यावर घरकामगारांच्या आणि फिरत्या विक्रेत्यांच्या संघटनांच्या प्रतिनिधींना मतदानाच्या हक्कासह बसवा, आणि तो मसुदा संमत होण्यापूर्वी त्यांच्या हरकती व तुमची उत्तरे दोन्ही जाहीर करा.

आपली,
एक नागरिक